लाकूड कुणाचं?

पुनर्वसनाच्या घरात माणसं मावतात, सामान मावत नाही. कुणाला दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यातली बावन्न गावं जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवली, त्यातलं आमचं एक. ज्याला जमीन नाही किंवा हेक्टरभराच्या आत आहे त्याला २५० चौरस फुटांचं घर, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चं आणि त्याच्या वर ७५० चं, असा हिशोब होता. आमच्या वाट्याला ४०० चं आलं. चांगलं पक्कं घर आहे, अजून तडा नाही. पण बैल कुठं बांधायचे, पाभर कुठं टेकवायची, ज्वारीचं पोतं कुठं उभं करायचं, हे त्या नकाशात बसलेलं नव्हतं. जुन्या घराला ढाळज होती, ओसरी होती, धान्याला बळद होतं, आणि वर माळवद होतं. वाळवण घालायला, उन्हाळ्यात झोपायला, नको ते सामान टाकायला माळवदच.

म्हणून नव्या गावात पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच घराघराला पत्र्याचं एकेक शेपूट फुटलं. आमच्या पत्र्याखाली आधी बैल होते. मग बैल गेले, ट्रॅक्टर आला. चार वर्षांमागं पोरानं एक जुना पिकअप घेतला, पुढं शटर बसवलं, खाली कोबा केला आणि त्या जागेला गॅरेज म्हणायला लागला. माय तिला ‘गेरज’ म्हणते. तर त्या गेरजात एक मांडणी करायची ठरली.

मांडणीचं निमित्त सोयाबीनचं. आमच्याकडं आता जिकडं तिकडं सोयाबीनच. त्याचं बी दरसाल विकत घ्यावं लागत नाही, घरचं दोन-तीन वर्षं वापरता येतं. मात्र जपावं लागतं. ज्वारीचं पोतं कुठंही आपटा, तिला काही होत नाही. सोयाबीनचं टरफल नाजूक. पोतं वरून टाकलं की आत बी दुखावतं, आणि ते दिसतं कधी, तर पेरल्यावर. थप्पी उंच लावायची नाही, चार-पाच पोत्यांच्या वर नको. फरशीला टेकवायचं नाही, ओल धरते. खाली लाकूड पाहिजे. लोखंडी रॅक बाजारात तयार मिळतात, पोरगा तेच आणतो म्हणत होता. मी म्हटलं, लाकूड घरात पडलंय की.

पडलंय म्हणजे शेडच्या मागच्या भिंतीला, विटांवर, ताडपत्रीखाली. तुळया, खांब, किलच्यांच्या फळ्या. जुन्या घराचं लाकूड. दरवर्षी पावसाळ्याआधी त्याला जळकं ऑइल फासायचं, वाळवी लागली का बघायचं आणि परत झाकायचं, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. अधूनमधून कुणी व्यापारी यायचा, सागवान बघून भाव सांगायचा, आणि माय ‘न्हाई’ म्हणायची. का ते तिनं कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

मला सुतारकीचा नाद आहे, पण हात साधा. म्हणून शेजारच्या गावच्या मिस्त्रीला दोन दिवसांसाठी बोलावलं. त्याला म्हटलं, तू नुसतं सांग, करतो मी. तो हसला. म्हणाला, ‘मास्तर, सांगायची मजुरी जास्त पडंल.’

पण त्यानं सांगितलेलं इथं लिहून ठेवतो, कारण कुणाला तरी उपयोगी पडेल. मांडणी मोडते ती कधी खांबात मोडत नाही, फळीला झोळ येतो. दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं आणि मधोमध वजन तेच ठेवलं, तर झोळ दुप्पट नाही, आठपट येतो. फळी दुप्पट रुंद केली तर तो निम्मा होतो, पण दुप्पट जाड केली तर आठव्या हिश्शावर येतो. हे गणित पुस्तकात आहे, मी शाळेत शिकवत होतो तेव्हाही होतं. मिस्त्रीच्या अंगठ्यातही ते आहे. तो फळीच्या मधोमध अंगठा दाबतो आणि सांगतो, ‘तीन फुटाच्या पुढं न्हाई.’ मग नऊ फुटांच्या मांडणीला पुढं चार खांब, मागं चार खांब ठरले. चार कप्पे. खालचा जमिनीपासून वीतभर वर, दोन फूट खोल, बियाण्याचा. त्याच्या वरचा ट्रॅक्टरच्या सामानाचा. तिसरा डबे, दोर, पाइपांची भेंडोळी. सगळ्यात वर फवारणीची औषधं, तीही कुलपाच्या पेटीत, घरात लेकरं आहेत म्हणून. आणि मांडणी मागच्या भिंतीला लोखंडी अँगल आणि बोल्टनं बांधायची. हे शेवटचं मिस्त्रीनं सांगायची गरज नव्हती. आमच्या भागात कपाटसुद्धा कुणी नुसतं उभं करत नाही. जड खाली, हलकं वर, आणि झोपायच्या जागी डोक्यावर काहीच नाही.

तुळया वखारीत नेऊन चिरून आणायच्या होत्या. पण करवतीवाला जुनं लाकूड बघून आधी बिचकतो. आत एखादा खिळा राहिला तर त्याचं पातं जातं. म्हणून चिरायच्या आधी सगळं लोखंड काढायचं. मिस्त्री चुंबक घेऊन बसला, मी पकड घेऊन. लोहारानं घडवलेले चौकोनी खिळे निघत होते, एकेक बोटाएवढा. चौथी तुळई पालथी केली तर तिच्या पोटाला दोन कड्या होत्या. पाळण्याच्या. घाण आणि ऑइल खरवडलं तर पिवळं दिसलं. पितळी होत्या.

मला त्यात काही वाटलं नाही. घरोघरी पाळण्याला कडी असायचीच. माय दारातून बघत होती. काठी टेकत आली, वाकली, कडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, ‘हे आपलं न्हाई. आपल्या कड्या लोखंडाच्या. हे शेजारचं हाय. बारशाला ह्याच कडीला पाळणा बांधून म्या गाणं म्हटलंय.’

मिस्त्रीनं पकड खाली ठेवली. त्या दिवशी पुढं काम झालं नाही.

*

आमची जुनी घरं कशी होती ते आता नव्या पोरांना सांगावं लागतं. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, आत लाकडाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर किलच्या, आणि किलच्यांवर माती. घर मोजायचं ते खणांत. सोयरीक करतानासुद्धा किती खणांचं घर आहे ते विचारायचे. माळवदावरची माती शेतातली काळी नव्हे. काळी उन्हात फाटते, पावसात फुगते. ती आणायची पांढरीतून, जुन्या गावठाणातून. दरवर्षी मिरगाच्या आधी माझे वडील चार-सहा टोपली पांढरी माती माळवदावर टाकायचे, चोपायचे, कुठं गळतं तिथं दोन टोपली जास्त. त्यांच्या आधी त्यांचे वडील टाकायचे. काढत कुणीच नव्हतं. काळजीवाहू माणसाचं माळवद जास्त जाड, आळशाचं पातळ, असा तो प्रकार. पिढ्यान्पिढ्यांची ती काळजी डोक्यावर साठत गेली होती.

३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ती खाली आली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. त्या पहाटेचं मी जास्त लिहीत नाही. लिहिणाऱ्यांनी लिहिलंय. आमच्या घरात ढाळजेतले तिघं वाचलो, आतले गेले. भिंत लागून असलेल्या शेजारच्या घरात कुणीच उरलं नाही.

पुढच्या दोन-तीन दिवसांतली एक गोष्ट मात्र या लाकडाच्या संदर्भात सांगायलाच हवी. पाऊस लागून होता. एवढ्या माणसांना अग्नी द्यायला सरपण आणायचं कुठून? मग ढिगाऱ्यातूनच लाकूड ओढलं. कुणाच्या दाराची चौकट, कुणाची तुळई, कुणाचा खांब. हे कुणाचं, असं एकानंही विचारलं नाही. जन्मभर बांधावरून एकमेकांचं तोंड न बघितलेल्यांची लाकडं एका सरणात गेली. मी स्वतः आमचं एक दार आणि शेजारच्यांची एक तुळई उचलून दिलीय, आणि त्या वेळी यातलं आमचं कोणतं आणि त्यांचं कोणतं हा विचार माझ्या मनाच्या जवळपासही नव्हता. लाकूड होतं, एवढंच.

आणि थंडी पडायला लागली तसं तेच लाकूड परत कुणाकुणाचं व्हायला लागलं.

पत्र्याच्या कॅम्पात होतो आम्ही. रोज थोडे लोक जुन्या गावात जायचे, ढिगारा उपसायचे, सापडेल ते आणायचे. एक दिवस दोघांची एका चौकटीवरून जुंपली. दोघांच्याही घरात माणसं गेलेली, दोघांच्याही डोक्यावर क्षौराचे केस अजून बोटभर वाढलेले नव्हते, आणि ‘माझी’ ‘माझी’ करून आईवरून शिव्या. मला तेव्हा किळस आली होती. पण तिथं एक म्हातारा बसला होता, तो म्हणाला, ‘भांडू द्या. आता जगतंय गाव.’

त्या वाक्यावर मी बरीच वर्षं विचार केलाय. मालकी म्हणजे लोभ, आणि संकटात ती गळून पडते म्हणजे माणूस मुळात चांगला, असं आपण सहज म्हणून टाकतो. कीर्तनात परद्रव्य हा शब्द परनारीच्या जोडीनंच येतो, तो हात न लावण्यासाठी. पण सरणाच्या वेळी परद्रव्य नव्हतं ते आम्ही संत झालो होतो म्हणून नव्हे. ‘पर’ला अर्थ यायला आधी ‘स्व’ लागतो, आणि तो कुणाजवळ शिल्लक नव्हता. ज्याला उद्या घर बांधायचंय तोच म्हणतो, ही चौकट माझी. म्हाताऱ्याला ते कळलं होतं.

मग जाणत्यांनी बसून वाटप केलं. चांगलं केलं, आजही मी तसंच म्हणेन. दार, चौकट, गणेशपट्टी, ज्याची ओळख पटते ते ज्याचं त्याला. ओळख पटत नाही ते एकत्र करून ज्याचं जेवढ्या खणांचं घर होतं तेवढ्या हिश्शानं. आणि ज्या घरात कुणीच उरलं नाही त्यांचं लाकूड ज्यांनी ते उपसलं त्यांच्यात. चिठ्ठ्या टाकल्या. कुणी कुरकुर केली नाही. आमच्या नावाला अकरा नग आले. पाळण्याच्या कड्या तेव्हा माती-चिखलात कुणाला दिसल्या असतील?

म्हणजे तुळई आमच्याकडं आली ती पंचांच्या हातून, चिठ्ठीनं, सगळ्यांदेखत. चोरून नाही. आणि तीस वर्षं आम्ही तिला ऑइल लावलं, वाळवीपासून राखलं. तसं बघितलं तर प्रश्न संपला.

*

पण प्रश्न संपला नव्हता, कारण शेजारच्या घरात कुणीच उरलं नाही हे मी वर लिहिलं ते पूर्ण खरं नाही. घरात कुणी उरलं नाही. घराबाहेर एक होती. त्यांची थोरली लेक, आमची अक्का. भूकंपाच्या आठ-नऊ वर्षं आधी तिचं लग्न होऊन ती सोलापूरच्या बाजूला दिली होती. गौरीला आली नव्हती म्हणून वाचली. बातमी कळल्यावर आली, रडली, दिवस झाल्यावर परत गेली. लाकडाची वाटणी झाली तेव्हा ती सासरी होती.

आमच्या वाटपात तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. तिचंच नव्हे, गावातल्या एकाही दिल्या लेकीचं घेतलं नव्हतं. मुद्दाम वगळलं असं नाही. सुचलंच नाही. जे कॅम्पात होते, जे उपसत होते, ज्यांना थंडी वाजत होती, त्यांच्यात न्याय झाला. काटेकोर झाला. मला आता वाटतं की वाटणीचा न्याय नेहमी हजर असलेल्यांतच होतो, आणि जो हजर नाही त्याला अन्याय झाल्याचंही कळत नाही.

घरात चार माणसांची चार मतं पडली. पोरगा म्हणाला, कायद्यानं बघायचं तर बापाच्या मालमत्तेत लेक पहिल्या वर्गाची वारस आहे, १९५६ च्या कायद्यापासून. पण तीस वर्षं झाली, पंचांनी दिलंय, आता त्याचं काय. पोराचं बोलणं असंच असतं, कायदा सांगायचा आणि लगेच तो निरुपयोगी आहे हेही सांगायचं. बायको म्हणाली, एवढा खल कशाला, सरळ फोन करा. मिस्त्रीचं म्हणणं सगळ्यात सोपं. ‘लाकूड मेलेलंच असतंय मास्तर. जितं असतंय ते झाड. मेलेल्याला कसला मालक? ज्याच्या कामाला येतंय त्याचं.’ त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाकडात काम केलं, स्वतःच्या घराला पत्र्याचं दार आहे. त्यामुळं त्याच्या बोलण्याला एक वजन होतं.

त्याचं म्हणणं मला पटतही होतं. वस्तू कामाला यावी हा काही हलका विचार नाही. मांडणी झाली तर त्या तुळईवर वर्षाचं बियाणं राहणार. नाही झाली तर ताडपत्रीखाली अजून तीस वर्षं. अक्काला तिच्या वाट्याचं म्हणून ती दहा फुटी तुळई नेऊन द्यायची तर तिनं ती ठेवायची कुठं? ज्याखाली आई-बाप, भाऊ गेले ते लाकूड कोण घरात आणेल? तिला फोन करणं म्हणजे माझ्या मनाचा काटा काढून तिच्या मनात रोवणं, असंही एक वाटत होतं. आपला प्रामाणिकपणा बऱ्याचदा दुसऱ्याला महागात पडतो. मी सांगणार, मोकळा होणार, आणि ती रात्रभर जागणार. हे काही खरं बोलणं नव्हे, हे ओझं खाली उतरवणं, तेही दुसऱ्याच्या डोक्यावर.

मायला विचारलं. ती म्हणाली, ‘व्यापाऱ्याला म्या का न्हाई म्हणलं? अकरातलं किती आपलं आन् किती नव्हं, मला ठाव नव्हतं. ठाव नसलेलं इकायचं कसं?’

तीस वर्षं तिच्या मनात हे होतं. बोलली नव्हती. ठाऊक नसेपर्यंत राखायचं, एवढंच तिनं धरलं होतं, आणि आता एकाचं ठाऊक झालं होतं. तिच्या लेखी त्यात खल करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

उरलेल्या लाकडात मांडणी उभी केली. आठ खांब, वरचे तीन कप्पे. खांबांना खाचा पाडून आडवी लाकडं बसवली, खिळ्यावर भरवसा ठेवला नाही. खालचा कप्पा मोकळा ठेवला. त्याच्या फळ्या त्या तुळईतून निघणार होत्या.

*

अक्का पंचमीला आली. फोनवर मी एवढंच म्हणालो होतो की तुमच्या घरचं एक लाकूड आमच्याकडं निघालंय, कड्यांवरून मायनं ओळखलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘पंचमीला येते. तसंबी कुठं जायचंय मला पंचमीला.’

पंचमी म्हणजे लेकींनी माहेरी यायचा सण. आमच्याकडं नव्या गावातसुद्धा झोके बांधतात. ती एसटीनं आली, साठीच्या पुढची बाई, हातात एक पिशवी. मायच्या गळ्यात पडून रडेल असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. ती रडली नाही. शेडात गेली, तुळई बघितली आणि तिच्यावरच बसली. तिथंच चहा घेतला.

‘काय करायलास ह्याचं?’

‘मांडणी. खालचा कप्पा राहिलाय.’

‘काय ठिवणार?’

‘बियाणं. सोयाबीनचं.’

तिनं मांडणी हलवून बघितली. हलली नाही. मग विचारलं, भिंतीला बांधलीय का. बांधलीय म्हटलं. तिनं मान हलवली. मग हात लांब करून तुळईच्या खालून कडी चाचपली. मी सांगितलं की लाकूड तुझंच आहे, चिरायचं का ठेवायचं तू म्हणशील तसं, आणि किंमत घ्यायची तर आजच्या भावानं देतो.

‘किंमत कशाची लावतूस बापू?’ ती म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारत होती. सागवानाची का, घराची का, का तीस वर्षं राखल्याची वजा करून? मला सांगता येईना.

तिनं कड्या मागितल्या. मिस्त्री नव्हता, मीच काढल्या. आवळून बसल्या होत्या, अर्धा तास गेला. तिनं त्या पदराला पुसल्या, टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवल्या. ‘लाकूड चीर,’ म्हणाली. ‘मला कुठं ठिवायचंय ते?’

संध्याकाळी एसटीला पोचवायला गेलो. मायनं तिची ओटी भरली होती, लुगडं दिलं होतं. फाट्यावर गाडीची वाट बघताना ती अचानक म्हणाली, ‘आमच्याकडं दोन एकर हाय. पोरगं दर साली बियाणाला पैसे घालतंय, निम्मं उगवत न्हाई. मिरगाच्या आधी दोन पिशव्या धाडत जा.’

‘धाडतो.’

‘दर साली.’

‘बरं.’

तिनं ‘दर साली’ म्हटलं त्यात विनंती नव्हती. माहेराकडून जे येतं ते लेक मागून घेत नाही, पण आलं नाही तर बोलून दाखवते, तसा तो स्वर होता.

या दोन पिशव्या म्हणजे काय, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. पोरगा म्हणतो, भाडं. तुळई तिची, जागा आमची, वापराचं भाडं बियाण्यात. हिशोब म्हणून ते सगळ्यात नीट बसतं, पण मला ते आवडत नाही. भाडं म्हटलं की ते कधीतरी सोडवता येतं, तुळईची किंमत फिटली म्हणता येतं. बायको म्हणते, चोळी. माहेरची चोळी. पण ते माहेर आमचं नाही, आम्ही शेजारी. तिच्या भावाच्या जागी उभं राहायचा अधिकार आम्हाला कुणी दिला? नुसतं लाकूड आमच्याकडं आलं म्हणून नातंही आलं असं धरायचं का? मला वाटतं, ते देणं आहे. चिठ्ठ्या पडल्या तेव्हा जी हजर नव्हती तिचं. आणि ते आमचं एकट्याचं नाही, त्या वाटपातल्या प्रत्येक घराचं कुणा ना कुणाला लागतं. मी हे एक-दोघांजवळ बोललोही. एकजण म्हणाला, ‘तुमच्या तुळईला कड्या व्हत्या. आमच्या लाकडाला काय नाव लिवलंय?’ त्याला उत्तर देता आलं नाही. ओळख पटली म्हणून देणं लागतं, नाही पटली तर लागत नाही, हे बरोबर नाही. पण ओळख पटल्याशिवाय द्यायचं कुणाला?

तुळई चिरून आणली. इतक्या वर्षांचं लाकूड, आत मधासारखा रंग आणि रंध्याखाली वास अजून ताजा. सव्वा इंची फळ्या निघाल्या. कड्यांच्या जागी दोन भोकं होती, ती मिस्त्री बुजवून देतो म्हणाला. मी नको म्हटलं, तेवढीच पोत्याखाली हवा खेळते. बियाणं ठेवलं, दोन-दोन पिशव्यांची थप्पी, कुठं झोळ नाही.

मिरगाच्या पंधरा दिवस आधी तीस-तीस किलोच्या दोन पिशव्या पोरानं पिकअपमधून नेऊन दिल्या. उगवण आम्ही इथं तपासलीच होती, ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून. चौऱ्याहत्तर आले होते. सत्तरच्या वर असलं की एकरी तीस किलो पुरतं. चार दिवसांनी अक्काचा फोन आला. तिनंही शंभर दाणे लावून बघितले होते.

‘बापू, बहात्तरच आलेत की रे. पुढच्या साली जरा बरं धाड.’